अपंगत्वाचा दाखला

१९८८ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात एका संगीतव्यवसायातील कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्ययोजनेत बदल केला. तोवर प्रत्येकाला आयुष्यभरात दहा लाख डॉलरपर्यंत उपचारखर्च मिळू शकत असे. ही मर्यादा फक्त एका रोगापुरती पाच हजारांवर आणण्यात आली. तो रोग एड्स. काही महिन्यांपूर्वीच एका कर्मचाऱ्याने आपल्याला हा आजार असल्याचे कंपनीला सांगितले होते. तो न्यायालयात गेला आणि हरला. योजना मालकाची, तेव्हा ती बदलण्याची मुभाही मालकालाच, असा १९९१चा अपील न्यायालयाचा निकाल. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला, तेव्हा तो माणूस हयात नव्हता.

खाजगी विमा असा दगा देत असताना गरिबांसाठीच्या सरकारी ‘मेडिकेड’चा दरवाजा कसा होता? बहुतेक राज्यांत अपत्यहीन प्रौढाला नुसत्या गरिबीवर प्रवेश नव्हता. अपंगत्वाचा दाखला लागे. केवळ रक्तात एचआयव्ही असणे म्हणजे अपंगत्व नव्हे. एड्सपर्यंत मजल गेली, की दाखला मिळे. १९९६ नंतर संयुक्त औषधोपचाराने माणूस एड्सपासून दूर राहू लागला, आणि या नियमातला क्रूर विनोद उघडा पडला. जे औषध आजार थोपवते, ते मिळवायला आधी आजार बळावू द्यायचा!

मधली पोकळी भरत होता रायन व्हाइट कायदा. हिमोफिलियावरील रक्तघटकातून संसर्ग झालेल्या, शाळेने प्रवेश नाकारलेल्या इंडियानातील या मुलाचा मृत्यू एप्रिल १९९०चा, कायदा ऑगस्टचा. पण तो विमा नव्हे, अनुदान. हक्क नव्हे, तरतूद. तरतूद आटली की रांग लागते. २०११ मध्ये त्याच्या औषधयोजनेच्या प्रतीक्षायादीत नऊ हजारांहून अधिक माणसे होती. एचआयव्हीची औषधे वाट पाहत घ्यायची नसतात, हे वेगळे सांगायला नको.

ओबामांच्या २०१०च्या कायद्याने आजीवन मर्यादा मोडली. २०१४पासून जुन्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारणे बेकायदा झाले. मेडिकेडसाठीही अपंगत्वाची अट जाऊन उत्पन्नाची यायची होती. मात्र २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला. टेक्सास, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी यांनी तो नाकारला. देशातील नव्या संसर्गांपैकी सुमारे निम्मे ज्या दक्षिणेत होतात, नेमकी तिथलीच ही राज्ये. शिवाय खाजगी विम्यावरील सवलत दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होते, कारण खालच्यांना मेडिकेड मिळेल असे कायदा लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. म्हणजे ह्यूस्टनमधल्या निर्धन, अपत्यहीन, धडधाकट एचआयव्हीबाधिताला मेडिकेड नाही आणि सवलतही नाही. त्याच्यासाठी अजून रायन व्हाइटचेच दवाखाने आहेत.