हुंडेकरी : एक विसरलेला शब्द

‘हुंडा’ म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना लग्नच आठवते. जुन्या मराठीत मात्र वाटेतील जकातीसह माल इच्छित स्थळी पोचविण्याचा उक्ता करार म्हणजेही हुंडा. तो घेणारा हुंडेकरी. बैल वंजाऱ्याचे असोत, माल व्यापाऱ्याचा असो; नाक्यानाक्यांवरील विवंचना हुंडेकऱ्याची. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे धावू लागली आणि बैलांचे तांडे हळूहळू मागे पडले. काम मात्र संपले नाही. आजचा फ्रेट फॉरवर्डरही बहुधा स्वतःचे जहाज नसताना जहाजावरील जागा, विमा, सीमाशुल्काची कागदपत्रे सांभाळतो. त्याच्यासाठी नवा प्रतिशब्द घडविण्यापूर्वी आपण मोल्सवर्थचा कोश उघडावा, असे आम्हांस वाटते. आडनावापुरता उरलेला हा शब्द तिथे अजून जबाबदारीसह उभा आहे.