पणजीचं माहेर कुठलं?

दिल्लीतली लक्ष्मीबाई नगर ही सरकारी क्वार्टरांची वसाहत ज्या राणीच्या नावाने ओळखली जाते, ती माहेरी मनकर्णिका होती. १८४२ साली झाशीच्या गंगाधररावांशी लग्न झालं आणि ती लक्ष्मीबाई झाली. राणीचं माहेरचं नाव इतिहासाने जपलं. आपल्या पणज्यांचं कोणी जपलं? नावही बदललं, आडनावही. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या या दोन आयुष्यांना जोडणारा एकच कागद असू शकतो, तो लग्नाचा. म्हणून घराण्याच्या शोधात जन्माच्या दाखल्याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, मोल मी त्याला देते.

इंग्लंडमध्ये १८३७च्या जुलैपासून लग्नांची सरकारी नोंद होऊ लागली. तीत वधूवरांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असे; आईच्या नावाला जागा मिळाली ती थेट २०२१मध्ये! हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लग्नांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मुंबई इलाख्याच्या अशा नोंदी आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंदू लग्न मात्र सप्तपदीने पुरं होई. सरकारला कळवण्याचं बंधन नव्हतं.

अपवाद १८७२च्या तिसऱ्या कायद्याचा. या कायद्याखाली रजिस्ट्रारसमोर लग्न करणाऱ्यांची नावं, वयं, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांची नावं नोंदली जात. संशोधकाला याहून काय हवं? पण त्या कागदावर एक प्रतिज्ञाही असे: आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, शीख, जैन वगैरे कुठल्याच धर्माचे नाही. ती वाचून ‘पणजोबांनी धर्म सोडला’ असं टिपून ठेवू नये. जातीबाहेर लग्न करायचं तर कायद्याने दुसरी वाटच ठेवली नव्हती. घरातला गणपती कदाचित तसाच चालू असेल. नागपुरात वकिली केलेल्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ साली हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ही अट सुटली. त्यामुळे नोंद १९२३च्या आधीची की नंतरची, हे आधी पाहावं.

बाकीच्यांची लग्नं कागदावर येत ती बहुधा भांडणातून. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी झालेलं लग्न आज आपल्याला इतक्या तपशिलात ठाऊक आहे, ते त्यांचे पती दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला म्हणून. ज्यांच्या घरात भांडण झालं नाही, त्यांनी लग्नाचा जमाखर्च, आहेराच्या याद्या, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धुंडाळाव्यात. मोडी शिकावी लागेल. त्याला इलाज नाही.

दिल्लीकर मराठी कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. नोकरी मंत्रालयात, लग्न पुण्याला नाहीतर इंदूरला, मूळ गाव रत्नागिरीकडे. लग्नाची नोंदणी झालीच असेल तर ती बहुधा लग्न लागलं त्या गावी सापडेल, दिल्लीत नव्हे. दिल्लीत शोधायची ती आजोबांची सर्व्हिस बुक आणि पेन्शनची कागदपत्रं. १ जानेवारी १९६४पासून केंद्र सरकारची फॅमिली पेन्शन योजना लागू झाली आणि बायकोचं नाव, जन्मतारीख लिहून देणं भाग पडलं. ऑफिसच्या कारकुनाने वारसासाठी भरून घेतलेला तो फॉर्म, त्यातल्या खाडाखोडीसकट, या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचा विषय आहे.