गेवराईतील ऊसतोड आणि आजी-आजोबांचे घर

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. नदीकाठच्या जमिनी सुपीक असल्या, तरी नदीपासून दूरच्या गावांत शेती पावसाच्या भरवशावरच चाले. कापूस, बाजरी आणि ज्वारी निघाल्यावर दिवाळीपासून पुढच्या पेरणीपर्यंत हाताला काम नसे. 1950 च्या सुमारास तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात साखर कारखानदारी वाढत होती. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950-51 मध्ये सुरू झाले आणि त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखाने उभे राहिले. त्यांना तोडणीसाठी माणसे हवी होती, ती बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून मिळाली. 1972 च्या दुष्काळाने या वाटेवरची गर्दी आणखी वाढवली.

या मजुरीचे एकक एकटा माणूस नसून जोडपे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजूर जमवणारा मुकादम पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती दोघांच्या कामातून फेडायची असते. ऊस तोडणे, वाढे छाटणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून वाहून गाडी भरणे, ही कामे दोघांत वाटली जातात. त्यामुळे बाईला मागे राहता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात. गावातल्या घरात म्हातारा-म्हातारी, एखादी शेळी आणि शाळेत जाणारी नातवंडे उरतात.

हे वृद्ध जोडपे म्हणजे या व्यवस्थेचा न मोजलेला आधार होय. पाणी भरणे, भाकरी थापणे, जनावरांचे वैरणपाणी, नातवंडांचे आजारपण आणि शाळा, असा सहा महिन्यांचा सारा भार त्यांच्यावर पडतो. त्याची मजुरी कोणत्याही हिशेबात लागत नाही. आजी-आजोबा थकले की मुलांनाही फडावर जावे लागते आणि शाळा सुटते.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळ्या परततात. तालुक्यातला उन्हाळा कडक आणि पाणीटंचाईचा असला, तरी घर भरण्याचा ऋतू तोच. लग्ने, जत्रा, घराची डागडुजी आणि मुकादमाशी हिशेब याच दिवसांत होतात. उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

जायकवाडी धरणाचे भूमिपूजन 1965 मध्ये झाले. पुढे या धरणाच्या पैठण उजव्या कालव्याने तालुक्याच्या काही भागाला पाणी मिळाले, तिथे ऊस आला. गढीजवळ जयभवानी सहकारी साखर कारखानाही उभा राहिला. तरीही कोरडवाहू गावांतले स्थलांतर थांबले नाही.

स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी आधी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. पुढे गावातच हंगामी वसतिगृहांची सोय झाली. अनेक ठिकाणी तिथे जेवण मिळते आणि मूल रात्री आजीकडेच झोपते. 2021 मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. मुलांचा भार अशा योजनांनी काहीसा हलका होतो. मात्र घर राखणाऱ्या वृद्धांच्या औषधोपचाराची आणि सोबतीची जबाबदारी अजूनही बहुतांशी शेजारपाजारावरच आहे.