जुन्या गाडीला पोचा आला : पत्रा ठोकून घ्यावा की बदलावा?

आपल्याकडे बहुतेक घरांत पहिली गाडी सेकंड-हँडच येते. दहा-बारा वर्षांची आल्टो नाहीतर वॅगन आर. शाळा, दवाखाना, लग्न, गावची खेप, सगळं त्याच गाडीत. मग एक दिवस ती गेटला घासते किंवा रिक्षा येऊन धडकते. एक गॅरेजवाला म्हणतो, "दरवाजाच बदला." दुसरा म्हणतो, "लांबी भरून देतो, कळणारपण नाही." ऐकायचं कुणाचं? उत्तर पत्र्यावरच असतं, फक्त नीट बघावं लागतं.

रंग फुटला आहे का?
पोचा उथळ असेल आणि रंगाला तडा नसेल तर पत्रा आतून दाबून किंवा बाहेरून ओढून सरळ करता येतो. रंगकामाची गरजच पडत नाही. मात्र रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर थांबू नका. कोकणात समुद्राची खारी हवा आणि वर पाऊस, उघड्या लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही.

पत्रा बोल्टचा की वेल्डिंगचा?
बोनेट, पुढचे फेंडर, दरवाजे आणि डिकीचं झाकण बोल्टवर बसवलेलं असतं. हे भाग काढून दुसरे लावणं सोपं असतं. फेंडर फार चुरगळला असेल तर ठोकण्याच्या मजुरीत जुना पण चांगला फेंडर मिळू शकतो. मुंबईत कुर्ल्याला जुन्या स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत. तिथून माल घेताना बिल मागाच, चोरीच्या गाडीचा भाग आपल्या गळ्यात पडायला नको.

छप्पर, मागच्या चाकावरचा पत्रा आणि दरवाजाखालची पट्टी हे भाग बॉडीला वेल्ड केलेले असतात. ते बदलायचे म्हणजे कापाकापी आली. म्हणून हे भाग होईल तितके दुरुस्तच करावेत. दरवाजाच्या आतला आडवा दांडा वाकला असेल तर मात्र तो दरवाजा बदला. धडक बसली तर तोच दांडा आतल्या माणसाला वाचवतो.

लांबी किती भरायची?
पत्रा आधी ठोकून जवळपास सरळ व्हायला हवा. लांबी फक्त शेवटची उंचसखल भागाची बारीक भरणी, साधारण दोन-तीन मिलिमीटर. त्यापेक्षा जाड थर पुढे तडकतो. लांबी पाणी शोषते, म्हणून तिच्यावर लवकर प्रायमर मारावा लागतो. भर पावसात उघड्यावर रंगकाम करून घेऊ नका.

मी घेतलेल्या जुन्या गाडीचा रंग पहिल्याच पावसाळ्यात मागच्या चाकावर फुगला. खरवडलं तर आत बोटभर लांबी आणि तिच्याखाली पत्र्याची चाळणी. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि मीही बघितलं नव्हतं. तेव्हापासून गाडी बघायला जाताना खिशात रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक असतं. पत्र्यावर ते जिथे नीट चिकटत नाही तिथे लांबी जाड आहे. (बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर ते चिकटणारच नाही.)

गंज आतून येतो
दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून सडतो. वर्षातून दोनदा काडीने साफ करा. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरणं म्हणजे पैसे पाण्यात. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा लागतो.

विमा घ्यावा का?
थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचा खर्च मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत घसारा कापतात. गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल तर धातूच्या भागांवर 50 टक्के, आणि प्लास्टिकच्या भागांवर गाडी कितीही वर्षांची असो 50 टक्के. म्हणजे 6,000 चा दरवाजा असेल तर कंपनी 3,000 धरते. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय नो क्लेम बोनस जातो. त्यामुळे छोट्या पोच्यासाठी क्लेम न केलेला बरा. मोठ्या अपघातात जरूर करा, आणि गाडी उघडण्याआधी सर्व्हेअरला दाखवा.

काम देण्याआधी
- चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.
- ठोकणं, लांबी, रंग आणि पार्ट यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या.
- लांबी भरण्याआधी ठोकलेला पत्रा बघायला येणार, हे उस्तादांना आधीच सांगा. चांगला कारीगर याला हरकत घेत नाही.
- वेल्डिंग असेल तर बॅटरीची वायर काढायला सांगा. सीएनजी असेल तर तेही आधीच कानावर घाला.
- रंग कंपनीच्या कलर कोडप्रमाणेच मारा. अख्ख्या गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकातही तशी नोंद करावी लागते.

आणि पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, तर कुठला पत्रा ठोकलाय ते घेणाऱ्याला स्वतःहून सांगा. त्याच्याही घरची मुलं त्याच गाडीत बसणार आहेत.