होळीचा माळ, बोराचं रिंगण

आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. साठच्या दशकात धरणाचा शिवसागर जलाशय भरला आणि खोरं विखुरलं; कुणी सांगलीकडं, कुणी सोलापूरकडं, कुणी पार कोकणात उतरलं. बुडालेल्या घराबद्दल आजी फारसं बोलत नसे. शिमगा आला की मात्र म्हणायची, "जमीन दिली, घराला जागा दिली, पर होळी कुठं लावायची त्ये कुणी सांगितलं न्हाय." जुन्या गावात देवळापुढच्या माळावर होळी उभी राहायची. पालखी तिथंच टेकायची, भांडणंही तिथंच मिटायची. नव्या गावठाणात तीन गावची माणसं. पहिला नारळ कुणाचा, इथंच सगळं अडायचं.

ऊजरू नूनुकल यांची 'वी आर गोइंग' ही कविता वाचली, तेव्हा मला तो माळच दिसला. ब्रिस्बेनसमोरच्या मिंजेरिबा बेटावर 1920 मध्ये जन्मलेली ही आदिवासी कवयित्री तेराव्या वर्षी शाळा सोडून शहरात घरकामाला लागली. तेव्हा तिचं नाव कॅथ. 1964 मध्ये या कवितेच्याच नावाचा तिचा संग्रह आला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कवीचा तो पहिला छापील काव्यसंग्रह. कवितेत उरलीसुरली माणसं एका गावात येतात आणि आपल्या बोराच्या जागेकडे बघत राहतात. बोरा म्हणजे मातीचे उंचवटे घालून आखलेलं रिंगण. मुलगा तिथं जाणता व्हायचा, जमातीचे नियम शिकायचा. आता तिथं गावाचा कचरा पडतो.

कुणी या कवितेला विलाप म्हणतं. मला ती आजीच्या बोलण्यासारखी मोजदाद वाटते: काय काय होतं, ते एकेक नाव घेऊन सांगणं. आजीच्या गावाला निदान नोटीस आली होती, मोबदला ठरला होता. ऊजरूंच्या क्वीन्सलँडमध्ये मात्र 1897 च्या कायद्यानं आदिवासींना सरकार सांगेल त्या वस्तीवर हलवता येई. पोरंही आईपासून तोडली गेली.

आदिवासींविषयीच्या 1967 च्या सार्वमतासाठी ऊजरू देशभर फिरल्या. नव्वद टक्क्यांवर मतदारांनी त्यांच्या बाजूनं कौल दिला. पुढे त्या बेटावर परतल्या आणि येणाऱ्या शाळकरी मुलांना आपल्या लोकांच्या गोष्टी सांगत राहिल्या.

आजीला मी माळाचा नकाशा काढायला कधी सांगितलं नाही. तुमच्या घरात धरणाखाली गेलेल्या गावचं कुणी असेल, तर आजच विचारा: होळी कुठं लागायची? आणि लिहून ठेवा.