धातुशोधक यंत्राचे कार्ड वारंवार का जळते? कारण बहुधा कार्डाबाहेरच

उरला (रायपूर) : कन्व्हेयर पट्ट्यावरील धातुशोधक यंत्राचे (मेटल डिटेक्टर) इलेक्ट्रॉनिक कार्ड एकदा निकामी झाले, तर दोष कार्डाचा असू शकतो. मात्र, त्याजागी बसवलेले नवे कार्डही थोड्याच दिवसांत जळाले, तर कारण कार्डाबाहेर, म्हणजे कॉइल, केबल, अर्थिंग किंवा वीजपुरवठ्यात शोधणे आवश्यक ठरते. तसे न करता केवळ कार्ड बदलत राहिल्यास खर्च वाढतो आणि यंत्रावरील कामगारांचा विश्वासही उडतो.

छत्तीसगडची राजधानी रायपूरलगतच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत रोलिंग मिल, स्पंज आयर्न आणि मिश्रधातूंचे कारखाने आहेत. महाराष्ट्रात जालना आणि चंद्रपूर येथेही पोलाद उद्योग आहे. अशा कारखान्यांत कोळसा किंवा खनिज क्रशरमध्ये जाण्यापूर्वी त्यातील बोल्ट, सळ्या किंवा खोदयंत्राच्या बादलीचे तुटलेले दात वेगळे काढावे लागतात. लोखंडाचे तुकडे चुंबक ओढून घेतो. परंतु झीज टाळण्यासाठी वापरले जाणारे मँगनीज पोलाद चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. ते ओळखण्याचे काम धातुशोधक करतो. असा तुकडा निसटल्यास क्रशरचे नुकसान होते किंवा पट्टा लांबवर फाटतो.

कॉइलचे कार्य

स्पंद पद्धतीच्या यंत्रात कॉइलमधून अत्यंत अल्पकाळ, म्हणजे काही दशक ते काही शतक मायक्रोसेकंद, विद्युतप्रवाह सोडून तो एकदम तोडला जातो. प्रवाह तुटताच कॉइलमध्ये शेकडो व्होल्टचा उलट दाब निर्माण होतो. जवळ धातू असल्यास त्यात भोवरा प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांचा क्षीण प्रतिसाद कॉइलमार्फत प्रवर्धकापर्यंत पोहोचतो. एकाच कार्डाला शेकडो व्होल्टचा धक्का सोसायचा असतो आणि लगेचच अतिशय सूक्ष्म संकेतही टिपायचा असतो. त्यामुळे प्रवाह तोडणारा मॉस्फेट, कॉइलला समांतर जोडलेला शमन रोधक (डॅम्पिंग रेझिस्टर) आणि प्रवर्धकाचे संरक्षक डायोड या तीन ठिकाणी बिघाड अधिक आढळतो.

कॉइलच्या वेढ्यांमधील विद्युतरोधन खराब होऊन काही वेढे एकमेकांना चिकटले, तर तिचे प्रेरकत्व घटते, प्रवाह अपेक्षेपेक्षा वेगाने वाढतो आणि मॉस्फेट तापून जळतो. अशी कॉइल तशीच ठेवून बसवलेले नवे कार्डही त्याच कारणाने जळण्याची शक्यता असते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी म्हणजे वीज बंद करून कॉइल कार्डापासून वेगळी करणे. मल्टिमीटरने तिचा रोध मोजून तो उत्पादकाने दिलेल्या किंवा यंत्र बसवताना नोंदवलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. मात्र, मोजकेच वेढे चिकटले असल्यास रोधात नगण्य फरक पडतो. तो दोष एलसीआर मीटरने प्रेरकत्व मोजल्यास अधिक स्पष्ट दिसतो.

त्यानंतर कॉइल आणि तिच्या धातूच्या आवरणातील विद्युतरोधन उत्पादकाने सांगितलेल्या दाबावर मेगरने तपासावे. त्यावेळी कार्ड जोडलेले असता कामा नये. मेगरचा उच्च दाब चांगले कार्डही निकामी करू शकतो.

तिसरी पायरी केबलची आहे. सततच्या कंपनाने जोडणीजवळची तार आतून तुटते, पण वरचे आवरण शाबूत राहते. मीटर जोडून केबल हळूहळू हलवल्यास आकडा उडतो आणि दोष सापडतो. पावसाळ्यात बिघाड वाढत असल्यास इपॉक्सीच्या भेगांतून आणि जोडपेटीतून शिरणाऱ्या ओलाव्याची, तर भर उन्हाळ्यात दुपारीच बिघाड होत असल्यास उष्णतेने सैल पडणाऱ्या जोडणीची शंका घ्यावी.

परिसरातील कारणे

इंडक्शन भट्ट्या आणि मोटारींचा वेग नियंत्रित करणारे ड्राइव्ह वीजपुरवठ्यात विकृती आणि क्षणिक दाबउसळी निर्माण करतात. त्यासाठी विलगक रोहित्र, दाबउसळीरोधक साधन आणि स्वतंत्र फीडर उपयुक्त ठरतात. कॉइलची केबल मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नये.

वेल्डिंग हे सहज दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. वेल्डिंगचा परतीचा प्रवाह कन्व्हेयरच्या सांगाड्यातून गेल्यास तो केबलच्या आवरणामार्गे कार्डात शिरू शकतो. म्हणून वेल्डिंगपूर्वी कॉइलची जोडणी काढावी आणि वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेलगतच लावावी. सांगाड्याचे सैल बोल्टही खोटे इशारे देतात. कारण त्यांच्यामुळे कॉइलभोवती धातूची बंद कडी जुळते आणि तुटते.

परिसराचा असा अडथळा या उपकरणाच्या इतिहासात आरंभापासून आहे. 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्याचा प्रयत्न अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी प्रेरण तुलेच्या साह्याने केला. आधीच्या चाचण्यांत ते उपकरण चालले होते. परंतु गोळी सापडली नाही. गादीतील पोलादी स्प्रिंगांचा अडथळा हे त्या अपयशाचे एक कारण मानले जाते.

नोंदवही आणि बायपास

प्रत्येक बिघाडाची तारीख, वेळ, हवामान, जळालेला सुटा भाग आणि त्या दिवशी जवळपास झालेले वेल्डिंग किंवा भट्टीचे काम यांची नोंद ठेवल्यास तीन-चार बिघाडांतच साम्य दिसू लागते. नवे कार्ड कॉइलची तपासणी पूर्ण झाल्यावरच बसवावे आणि नंतर ठरावीक आकाराचा नमुना तुकडा पट्ट्यावरून नेऊन यंत्राची खात्री करावी.

वारंवार बंद पडणाऱ्या किंवा खोटे इशारे देणाऱ्या यंत्राचा खरा धोका वेगळाच आहे. उत्पादन थांबू नये म्हणून त्याला बायपास केले जाते आणि तात्पुरती म्हणून केलेली ही सोय कायमची होऊन बसते. पुढे पट्ट्यावरून एखादा पोलादी दात येतो तेव्हा यंत्र जागेवर असते, पण पट्टा थांबत नाही. क्रशरमध्ये अडकलेला तो तुकडा काढण्यासाठी अखेर कामगारालाच आत हात घालावा लागतो.