नाव अ‍ॅजाइल, कारभार जुनाच

मंडळी, मागच्या वेळी आपण फेब्रुवारी २००१ मध्ये थांबलो होतो. युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. थोडं बनवा, वापरणाऱ्याला दाखवा, चुकलं तर बदला, असा साधारण त्याचा अर्थ. आज आपण त्यानंतर दहा वर्षांनी ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहू.

२०१० मध्ये तिथल्या सरकारनं सहा वेगवेगळे भत्ते एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ आणायचं जाहीर केलं. बेकारभत्ता, घरभाड्याची मदत, मुलांसाठीची मदत, सगळं एका अर्जावर. ज्यांचं महिन्याचं रेशन या पैशावर चालतं, त्यांच्यासाठी ही यंत्रणा होती. ऑक्टोबर २०१३ ही सुरुवातीची तारीखही ठरली. वेळ कमी, म्हणून खात्यानं अ‍ॅजाइल धरलं. म्हणजे शिकत शिकत जायची पद्धत घेतली ती घाईसाठी! आणि तारीख तर आधीच दगडावर कोरलेली.

एवढ्या मोठ्या कामावर ही पद्धत त्या खात्यानं कधी वापरली नव्हती. कंत्राटं, मंजुऱ्या, देखरेख हे सगळं जुन्या चौकटीतलं. अ‍ॅजाइलशी त्याचा मेळच बसेना. मग २०१२ मध्ये ‘अ‍ॅजाइल २.०’ निघालं. (नावापुढे आकडा लावला की काम पुढे सरकतं, हा समज आपल्याकडेही आहे.)

सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. ३.४ कोटी पौंडांचं सॉफ्टवेअर निकाली काढावं लागलं होतं. पण आम्हाला त्या आकड्यापेक्षा दुसरी नोंद महत्त्वाची वाटते: खात्यात फक्त चांगल्या बातम्या वर पोचवायची सवय होती, आणि सगळे तटबंदीत बसल्यासारखे वागत. अ‍ॅजाइलचा सगळा डोलाराच मुळी वाईट बातमी लवकर कळण्यावर उभा आहे. ती वर जात नसेल, तर रोज सकाळी उभं राहून बैठक घेतली काय आणि न घेतली काय.

पुढे नवी यंत्रणा वेगळी बांधली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये लंडनच्या सटन भागात, मोजक्या अर्जदारांपासून तिची सुरुवात झाली. पहिला हप्ता हातात पडेपर्यंत लोकांना आठवडेच्या आठवडे थांबावं लागलं, हे खरं. पण ते दुखणं धोरणाचं, सॉफ्टवेअरवर ढकलू नये. देशातल्या सगळ्या जॉबसेंटरांत ही यंत्रणा पोचायला डिसेंबर २०१८ उजाडला.